ब्लू नोटचे जॅझ एलपी : कोणतं प्रेसिंग घ्यावं, कसं ओळखावं, कसं वाजवावं

कृष्णतबकडी (धागाकर्ता)

जॅझचे एलपी जमवायला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ओरिजिनल प्रेसिंग, म्हणजे त्या काळीच दाबलेली तबकडी घ्यावी, की नंतर पुन्हा काढलेलं रीइश्यू? कव्हर बघून याचं उत्तर मिळत नाही, लेबल बघून अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं रन-आउटमध्ये असतं, म्हणजे शेवटचा ट्रॅक संपल्यापासून लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो त्यावर. तिथे काय कोरलंय आणि काय ठोकलंय हे वाचता आलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते कळतं. धागा मुद्दाम ब्लू नोटपुरता ठेवतोय. या कंपनीच्या खुणा फार नीट नोंदल्या गेल्या आहेत, आणि चूक फार महाग पडते तीही इथेच.

पार्श्वभूमी थोडक्यात. बर्लिनहून आलेल्या अल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये न्यूयॉर्कला ब्लू नोट काढली. पन्नासच्या दशकात त्याची गाठ रूडी व्हॅन गेल्डरशी पडली. हा दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीत हॅकनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. रेकॉर्डिंग करणारा आणि नंतर टेपवरून लॅकरवर (ज्या मऊ चकतीपासून पुढे दाबायचे साचे बनतात तिच्यावर) खोबणी कापणारा माणूस एकच होता, हे इथलं वैशिष्ट्य. म्हणून रन-आउटमध्ये त्याची खूण दिसली, तर ती तबकडी त्याच्या हाताने कापलेल्या लॅकरपासून निघाली आहे.

आता खुणा.

लेबलाच्या कडेने छापलेला पत्ता काळ सांगतो. सर्वांत जुन्या बारा इंची एलपींवर '७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू' असतं. १९५७ पासून '४७ वेस्ट ६३वा रस्ता', त्यातही आधी 'एनवायसी' आणि काही काळ 'न्यूयॉर्क २३'. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पत्ता जाऊन नुसतं 'न्यूयॉर्क, यूएसए' येतं. कंपनी लिबर्टीला विकली गेल्यानंतर, १९६६ पासून, 'अ डिव्हिजन ऑफ लिबर्टी रेकॉर्ड्स' ही ओळ दिसते.

रन-आउटमध्ये आधीच्या तबकड्यांवर हाताने कोरलेलं 'आरव्हीजी' (रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं), मग ठोकलेलं 'आरव्हीजी' किंवा 'आरव्हीजी स्टीरिओ', आणि साठच्या दशकात ठोकलेलं 'व्हॅन गेल्डर'.

तिसरी खूण म्हणजे 'कान'. प्लास्टीलाइट या न्यू जर्सीतल्या कारखान्याचं तिरकं 'पी' अक्षर, जे माणसाच्या कानासारखं दिसतं. प्लास्टीलाइटने १९६६ पर्यंत ब्लू नोटचे एलपी दाबले. कान असेल तर तबकडी लिबर्टीच्या आधीची, हे जवळपास पक्कं.

रानजाई

छान धागा. दोन शंका. एका बाजूला '४७ वेस्ट ६३' आणि दुसऱ्या बाजूला 'न्यूयॉर्क, यूएसए' असे एलपी विक्रीला दिसतात. ते बनावट समजायचे का? आणि विकणाऱ्याने टाकलेल्या फोटोत कान दिसतच नाही, मग काय करायचं?

कृष्णतबकडी

रानजाई, बनावट नाहीत. छापून ठेवलेली जुनी लेबलं संपेपर्यंत कारखाना वापरत राहायचा. कव्हरांचंही तसंच, जुन्या पत्त्याच्या कव्हरात नवी तबकडी सर्रास सापडते. अशा मिश्र लेबलाच्या तबकडीचा काळ नव्या लेबलावरून धरायचा, कारण जुनं लेबल नंतर वापरता येतं, नवं लेबल छापण्याआधी वापरता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो मागितल्याशिवाय व्यवहार करू नका. "पहिलं प्रेसिंग" म्हणून विकली जाणारी बरीच रेकॉर्डं प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची असतात, आणि किमतीत फार मोठा फरक पडतो.

लेबलावर कडेपासून आत एक गोल खोल खाच दिसते, तिला डीप ग्रूव्ह म्हणतात. दाबण्याच्या साच्यामुळे ती येते. जुने साचे नंतरही कधीकधी वापरात यायचे, त्यामुळे खाच एका बाजूला असून दुसऱ्या बाजूला नाही असंही होतं. एकट्या खाचेवरून निर्णय घेऊ नका.

कान फोटोत दिसत नाही तो उजेडामुळे. विकणाऱ्याला सांगा: खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर, कडेने धर आणि रन-आउटचा चारी बाजूंनी फोटो काढ. खूण उथळ असते, वरून पडलेल्या उजेडात पुसून जाते. एवढंही करायला जो तयार नाही त्याच्याकडून महाग रेकॉर्ड घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांना संग्रहापेक्षा आवाज हवा आहे त्यांच्यासाठी: लिबर्टीच्या काळातल्या ज्या तबकड्यांवर कान नाही पण 'व्हॅन गेल्डर' किंवा 'आरव्हीजी' आहे, त्या जुन्याच धातूच्या साच्यांपासून निघाल्या आहेत. कापणी तीच, किंमत कितीतरी कमी. दाबण्याचा दर्जा प्लास्टीलाइटइतका सारखा नाही, म्हणून एकेक तपासून घ्याव्या लागतात. तरीही कमी पैशात व्हॅन गेल्डरची कापणी ऐकायचा हाच रस्ता आहे.

मंद्रसप्तक

मोनो की स्टीरिओ यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ब्लू नोटचे मोनो क्रमांक १५०० आणि ४००० च्या मालिकांत आहेत. स्टीरिओचे ८ ने सुरू होतात, म्हणजे मोनो ४००३ तर स्टीरिओ ८४००३. मोनो म्हणजे जास्त अस्सल, हा समज सरसकट खरा नाही. १९५८ च्या अखेरीपासून टेप स्टीरिओचीच व्हायची आणि दोन्ही बाजू सारख्या मिसळून त्यातून मोनो कापलं जायचं. त्यामुळे १५०० मालिकेतली जुनी रेकॉर्डं मोनोत घ्यावीत. ४००० मालिकेत मात्र कानाला काय आवडतं ते बघावं. जुन्या स्टीरिओत सॅक्सोफोन एका टोकाला आणि ड्रम दुसऱ्या टोकाला असा विस्तार असतो. स्पीकरवर तो चालतो, हेडफोनवर अनेकांना त्रास होतो.

मोनो एलपी स्टीरिओ कार्ट्रिजने (आर्मच्या टोकाचा, सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग) वाजवायला हरकत नाही, पण अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनोची खोबणी फक्त आडवी हलते. स्टीरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि मोनो तबकडीत उभी हालचाल म्हणजे धूळ, ओरखडे, मोटरची घरघर. दोन्ही चॅनल एकत्र केले की हा सगळा उभा आवाज कटतो, खरखर लक्षणीय कमी होते. बटण नसेल तर टर्नटेबल आणि फोनो स्टेजच्या (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) मध्ये दोन वाय केबल जोडून (आधी दोनाचं एक, मग एकाचे दोन) हेच काम होतं. फोनो स्टेजच्या पुढे, अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर असं कधीही करू नका. तिथे दोन चालू आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

उलट बाजूने एक धोका: जुन्या पद्धतीचं, उभी लवचीकता नसलेलं मोनो कार्ट्रिज स्टीरिओ एलपीवर ठेवलं तर खोबणी खरवडली जाते, आणि ते नुकसान कायमचं.

सुईच्या टोकाबद्दल. जुन्या मोनो एलपींसाठी टोकाची त्रिज्या १ मिल, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन असायची. स्टीरिओसाठी ती ०.७ मिलवर, १८ मायक्रॉनच्या आसपास आली. बारीक सुई खोबणीत थोडी खाली बसते. पन्नास-साठच्या दशकातल्या जड आर्मनी खोबणीचा वरचा भाग झिजवलेला असेल, तर बारीक सुईने तीच तबकडी अनेकदा स्वच्छ वाजते. मात्र नेहमीच नाही. झीज तळापर्यंत गेली असेल तर चांगली सुई तीही स्पष्ट ऐकवते.

खारे_वारे

गोवा-कोकण-मुंबईकरांसाठी बुरशीचा मुद्दा. पावसाळ्यात बंद कपाटातल्या एलपींवर पांढुरके ठिपके येतात. कोरड्या ब्रशने ते निघत नाहीत, उलट बुरशी खोबणीत दाबली जाते. ओलं धुवावंच लागतं. पद्धत अशी:

पाणी डिस्टिल्ड हवं. आरओचं चालत नाही, त्यात विरघळलेले क्षार उरतात आणि वाळल्यावर खोबणीत बसतात. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं, फक्त बाटलीवर अॅसिड लिहिलेलं नाही ना ते वाचा. ८०० मिली पाणी, २०० मिली शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फिल्म धुताना वापरतात तो वेटिंग एजंट अर्धा मिली. वेटिंग एजंट जास्त घातला तर थर उरतो आणि सुईवर चिकट गोळा जमतो. लेबल झाकून, मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने (आडवं नाही) दोन-तीन फेऱ्या, मिनिटभर मुरू द्यायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं. हा दुसरा टप्पा गाळला की धुऊनही खरखर जात नाही, आणि लोक दोष रेकॉर्डला देतात. ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही.

हे फक्त व्हिनाइलसाठी. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते.

आतली जुनी कागदी पिशवी बुरशीचं घर असते. ती टाका, किंवा छापील असेल तर वेगळी जपून ठेवा, आणि तबकडी नव्या पॉलिथिनच्या पिशवीत घाला. पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक पिशव्या नकोत. उष्णतेत त्या तबकडीवर धुरकट डाग पाडतात आणि तो डाग धुऊन जात नाही. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला चांगली नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. रेकॉर्डं उभी, सरळ. शंभर एलपींचं कव्हरसकट वजन २५ ते ३० किलो भरतं, त्यामुळे पातळ प्लायची लांब फळी मधे झुकते आणि रेकॉर्डं तिरकी होऊन वाकतात. दर दीड फुटाला उभा आधार द्या.

थोडं विषयांतर, पण इथल्या माणसांनी शोधावी अशी एक तबकडी: शंकर-जयकिशन यांची १९६८ मधली 'राग-जॅझ स्टाइल'. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमवर लेस्ली गोडिन्हो. मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रात गोव्याचे वादक काय ताकदीचे होते ते यात नावानिशी ऐकू येतं, एरवी त्यांची नावं कव्हरवर येतच नसत. नवी आवृत्तीही निघाली आहे, म्हणून "ओरिजिनल" म्हणून कोणी देत असेल तर लेबल नीट बघा.

हडसनकाठ

अमेरिकेतून पुण्या-मुंबईला टर्नटेबल नेणाऱ्यांसाठी. ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं समजू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. एसी सिंक्रोनस मोटर असलेली बेल्टवाली टर्नटेबलं विजेच्या फ्रिक्वेन्सीवर वेग धरतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ, भारतात ५०. त्यामुळे ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे मिळतात. गुणोत्तर ५:६, म्हणजे कोमल गंधार थेट षड्जावर उतरतो. उपाय मोटरची पुली बदलणं. ५० हर्ट्झची पुली व्यासाने सहापंचमांश मोठी असते आणि बऱ्याच उत्पादकांकडे सुटी मिळते. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर हा प्रश्न नाही, फक्त व्होल्टेज जुळवा.

रानजाई

आणि नव्या प्रेसिंगांचं काय? ब्लू नोटच्या टोन पोएट आणि क्लासिक व्हिनाइल या रीइश्यू मालिकांत किमतीएवढा फरक आहे का?

मंद्रसप्तक

दोन्ही मालिका केव्हिन ग्रे या मास्टरिंग इंजिनिअरने कापलेल्या. टोन पोएट मालिका २०१९ मध्ये सुरू झाली, देखरेख जो हार्लीची, तबकड्या कॅलिफोर्नियातल्या आरटीआयमध्ये दाबलेल्या, जाड पुठ्ठ्याची उघडणारी कव्हरं. क्लासिक व्हिनाइल जर्मनीत ऑप्टिमलला दाबतात, कव्हर साधं. आवाजातला फरक किमतीतल्या फरकापेक्षा बराच कमी आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रसिद्ध एलपी क्लासिक व्हिनाइलमध्ये घ्यावेत. टोन पोएटची खरी कामगिरी म्हणजे एरवी हाती न लागणारी, कमी माहितीची रेकॉर्डं बाहेर आणणं. पैसे तिथे घालावेत.

जपानी प्रेसिंगं विसरू नका. १९७७ ते १९८३ मध्ये किंग रेकॉर्ड्सने काढलेल्या ब्लू नोट तबकड्यांचा पृष्ठभाग विलक्षण शांत असतो. टेपच्या प्रतीवरून कापलेल्या असल्याने वरचे स्वर थोडे उजळ आणि झांजांचं शरीर किंचित पातळ वाटतं. तरी पावसाळी हवेत खरखरीला कंटाळलेल्या माणसाला त्या फार समाधान देतील.

कृष्णतबकडी

थोडा असहमत. केव्हिन ग्रेच्या कापणीत बास खोल आहे, पियानो मोकळा आहे, टेपवर काय होतं ते जास्त कळतं, हे मान्य. पण व्हॅन गेल्डरने कापताना मधले स्वर पुढे आणले होते, पातळी वाढवली होती, बास आवरला होता, कारण त्या काळच्या साध्या फोनोग्राफवर सुई उडता कामा नये. त्यातून ट्रम्पेटला जो धक्का येतो तो नव्यात येत नाही. लायन आणि व्हॅन गेल्डर या दोघांनी मिळून बाजारात आणलेला आवाज तो आहे, आणि तो ऐकण्यासारखा आहे.

"पूर्ण अॅनालॉग" या शब्दांवर पैसे देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीच्या ज्या तबकड्या लोक पूर्ण अॅनालॉग समजत होते, त्यांतल्या बऱ्याच तबकड्यांत डीएसडीचा डिजिटल टप्पा आहे हे उघड झालं. आणि त्याआधी कित्येक जाणकारांनी त्याच तबकड्यांची स्तुती केली होती. साखळी कोणती आहे हे सांगणं विक्रेत्याचं कर्तव्य आहेच, पण कान शेवटी कापणाऱ्याचं कौशल्य ऐकतात.

तिसरा_प्रहर

माझ्याकडे नवं प्रेसिंग आहे, स्वच्छ धुतलेलं. तरी प्रत्येक बाजूच्या शेवटच्या ट्रॅकवर ट्रम्पेट फाटतं. सुरुवातीला बरोबर असतं. कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई.

मंद्रसप्तक

तिसरा_प्रहर, शेवटीच फाटतंय म्हणजे बहुधा जुळणीचा प्रश्न आहे. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खोबणी सरकते, आत ६० मिमी त्रिज्येवर फक्त २१ सेंमी. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत लिहिलेला असतो, त्यामुळे सुई जराशी तिरकी असली तरी ट्रम्पेटसारखे तीव्र स्वर फाटतात.

क्रमाने तपासा. आधी वजन, म्हणजे सुईचा तबकडीवर पडणारा भार: व्हीएम९५ईला २.० ग्रॅम, १.८ ते २.२ च्या आत. कमी वजनाने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खोबणीत उड्या मारते आणि भिंती फोडते. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा पुरतो. पण सुई टेकवायची जागा तबकडीच्या उंचीवर यायला हवी, आणि काट्याची थाळी लोखंडी नको. कार्ट्रिजमधल्या चुंबकाने ती ओढली जाते आणि आकडा खोटा येतो. डेनॉन डीएल-१०३ सारख्या मूव्हिंग कॉइल (जोरदार चुंबकाच्या) कार्ट्रिजवर हे हमखास घडतं.

मग ओव्हरहँग (सुई तबकडीच्या मध्याच्या किती पुढे जाते ते) आणि कोन. बेअरवाल्ड पद्धतीचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज जुळवायचा रेषांचा तक्ता) कागदावर छापून घ्या, छापताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, आणि पट्टीने मोजून खात्री करा. मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन बिंदूंवर कार्ट्रिजची बॉडी रेषांना समांतर आली पाहिजे. एकाच बिंदूवर जुळवून थांबू नका. शेवटी अँटीस्केटिंग (आर्म आत ओढला जातो त्याला विरोध करणारा ताण): उजवा चॅनल आधी फाटत असेल तर थोडं वाढवा.

एवढं करून फरक पडला नाही तर सुईचे तास मोजा. ऑडिओ-टेक्निका स्वतः इलिप्टिकल (तुमच्यासारख्या लंबगोल टोकाच्या) सुईला ३०० तास सांगते, मायक्रोलिनिअरला (आणखी बारीक घडवलेल्या टोकाच्या) १०००. एका बाजूला २० मिनिटं धरली तर ३०० तास म्हणजे ९०० बाजू. रोज दोन एलपी ऐकणाऱ्याची सुई आठ महिन्यांत संपते. व्हीएम९५ च्या बॉडीवर मायक्रोलिनिअर सुई तशीच बसते, कार्ट्रिज बदलावं लागत नाही, आणि आतल्या खोबणीत तिचा फायदा सर्वांत जास्त.

तिसरा_प्रहर

वजन १.६ होतं, कोनही चुकला होता. दोन्ही नीट केल्यावर फाटणं जवळजवळ गेलं. धन्यवाद! आता वेग तपासायला स्ट्रोब चकती (लुकलुकत्या दिव्यात रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर) छापली, पण ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्यापासून रेघा स्थिर दिसतच नाहीत, नुसत्या धूसर.

हडसनकाठ

बहुतेक एलईडी दिवे विजेच्या लयीत पुरेसे लुकलुकत नाहीत, म्हणून. साधा निऑन टेस्टर किंवा जुना पिवळा बल्ब अंधारात चकतीजवळ धरा. ३३⅓ साठी ५० हर्ट्झवर १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. २१६ रेघांचं ६० हर्ट्झसाठी असतं, इंटरनेटवरच्या चकत्यांवर अनेकदा तेच एकटं असतं. तपासताना सुई चालू रेकॉर्डवर ठेवलेली असू द्या, बेल्टवाल्या टर्नटेबलात तिच्या ओढीने वेग किंचित पडतो.